मदत हवी आहे: सायबर हल्ल्याचे टप्पे मॉडेलमध्ये कसे मांडावेत?

लॉगमधल्या नोंदींवरून हल्लेखोर कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखणारं मॉडेल करतोय. सुरुवात लॉकहीड मार्टिन या अमेरिकी संरक्षण कंपनीच्या २०११ च्या 'सायबर किल चेन' या आराखड्यापासून केली. टेहळणीपासून अंतिम उद्दिष्टापर्यंत ७ टप्पे, एकामागून एक.

पण खरा हल्ला असा सरळ चालत नाही. एका संगणकात शिरकाव झाला की हल्लेखोर आतून पुन्हा टेहळणी करतो, पासवर्ड मिळवतो, दुसऱ्या सर्व्हरवर जातो, आणि हेच चक्र फिरत राहतं. चोरलेल्या पासवर्डने थेट लॉगिन केलं, तर मालवेअर पोहोचवण्याचा टप्पा येतच नाही!

'मायटर अटॅक'मध्ये (MITRE ATT&CK, हल्लेखोरांच्या उद्दिष्टांची आणि युक्त्यांची सूची) ठरावीक क्रमाची सक्ती नाही, ते मला जास्त पटतं. मात्र तिथे 'शेड्यूल्ड टास्क' (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम लावून ठेवणं) ही एकच युक्ती कोड चालवण्यासाठीही आहे, तळ ठोकण्यासाठीही आणि अधिकार वाढवण्यासाठीही. लॉगमध्ये नोंद तीच दिसते. मग टप्पा कुठला धरायचा?

सध्या हिडन मार्कोव्ह मॉडेल वापरतोय: टप्पे म्हणजे लपलेल्या अवस्था, अलर्ट म्हणजे निरीक्षणं. हल्लेखोर कित्येक दिवस गप्प राहिला की अंदाज कोलमडतो. सेमी-मार्कोव्हकडे (प्रत्येक अवस्थेत किती वेळ जातो हेही मांडणाऱ्या मॉडेलकडे) वळू, की प्रत्येक संगणकाची अवस्था वेगळी धरून अटॅक ग्राफ (हल्ल्याच्या संभाव्य वाटांचा आलेख) बांधू? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.