वार्धक्यशास्त्र शिकायचे, पण कोणत्या वाटेने?

प्रश्न (फोंडा): समाजशास्त्रात बी.ए. झाल्यावर वार्धक्यशास्त्र शिकण्याची माझी मनापासून इच्छा आहे. माझी आजी गोळ्यांची डबी हातात धरून सकाळपासून चारदा 'आज वार कोणता गो?' असे विचारते. हा विषय वैद्यकाचा मानावा की समाजशास्त्राचा?

उत्तर (म्हापसा, निवृत्त परिचारिका): दोहोंचा. वृद्धांच्या आजारांवरील उपचारांसाठी आधी एम.बी.बी.एस. व्हावे लागते, वार्धक्यशास्त्र मात्र त्याहून व्यापक असून निवृत्तिवेतन, एकटेपण, घरातील उंच उंबरठा, मुले परदेशी असताना होणारी देखभाल, हे सारे त्यात येते. आजीचे विचारणे मात्र केवळ वयावर घालू नका, डॉक्टरांना दाखवा.

उत्तर (डिचोली): २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोकांचे प्रमाण देशात सुमारे साडेआठ टक्के, तर गोव्यात अकरा टक्क्यांहून अधिक होते. म्हणून अभ्यासक्षेत्र शोधायला दूर जाऊ नका. पंचेचाळिशीपुढील लोकांची २०१७-१८ मधील 'लासी' (भारतातील वृद्धत्वाचा दीर्घकालीन अभ्यास) ही पाहणी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली. तिचा अहवाल आधी वाचा आणि प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष क्षेत्रकार्य किती आहे, हे आवर्जून विचारा.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आजीला याच आठवड्यात दाखवते.