मदत हवी आहे: मणक्याला मार लागल्यावर रक्तवाहिन्या परत वाढवायचे उपचार (दादा, डी१२, ५ महिने)

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ एप्रिलमध्ये हापूस उतरवताना झेल्यासकट झाडावरून पडला. डी१२ (पाठीचा बारावा मणका) फ्रॅक्चर, रॉड-स्क्रू टाकले. एशिया बी (इजा किती आहे त्याची ग्रेड) सांगितलंय, म्हणजे स्पर्श कळतो पण पाय हलत नाहीत. फिजिओ ताई कापसाचा बोळा लावतात तेव्हा डोळे मिटून तो बरोबर सांगतो, "उजवा अंगठा". वहिनी दर वेळी हातातलं काम टाकून तेवढं ऐकायला येते.

आयसीयूत मीन (सरासरी) बीपी ८५ च्या खाली जाऊ देत नव्हते, का ते नंतर सर्जननी समजावलं, की मार बसला की कॉर्डमधल्या (मणक्यातल्या मज्जारज्जूतल्या) बारीक रक्तवाहिन्या फाटतात आणि पहिल्या दणक्यातून वाचलेल्या पेशीही पुढच्या काही दिवसांत रक्ताअभावी मरतात. तेव्हापासून मी यावरच वाचतेय. शरीर नवीन रक्तवाहिन्या बनवतं पण त्या गळक्या, वेड्यावाकड्या होतात, त्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेरिसाइट पेशींपैकी काही सुटून तिथल्या व्रणात जाऊन बसतात म्हणे. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीने उंदरांना दुखापतीनंतर सातव्या दिवशी पीडीजीएफ-बीबी हे प्रोटीन एकदाच टोचलं, तर रक्तवाहिन्या नीट वाढल्या आणि त्यांच्या आधाराने नसांचे तंतूही पलीकडे गेले. वाचून रात्रभर झोप नाही लागली.

पण ते सातव्या दिवशी, आणि दादाला पाच महिने झालेत. जुन्या इंज्युरीवर, माणसांवर असं काही चालू आहे का? हेच प्रोटीन शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमेच्या जेलमध्ये असतं म्हणून मामा म्हणतात तेच आणू, पण ते वरून लावायचं, कॉर्डपर्यंत कसं पोचणार, मी नको म्हटलंय. बरोबर केलं ना?

दुसरं, एका सेंटरने "स्टेम सेलने नवीन रक्तवाहिन्या येतात" म्हणून साडेचार लाख सांगितलेत. आयसीएमआरच्या नियमांत मणक्यासाठी स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच चालतं, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात, असं मी वाचलंय. सीटीआरआय नंबर (ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा) मागितला तर फोनच उचलत नाहीत. घरचे मात्र कलमाची बाग गहाण ठेवायला निघालेत.

कुणाच्या घरी असा पेशंट असेल, किंवा कुणी न्यूरोमध्ये काम करत असेल, तर प्लीज लिहा. सेंटरला शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय.