शब्दचर्चा : 'आओइ'ला मराठीत काय म्हणायचं?

'आओइ होनोओ' ही जपानी विनोदी मालिका पुन्हा बघतोय. २०१४ साली टीव्ही टोकियोवर रात्री उशिरा लागायची, ११ भागांची. १९८० च्या आसपासचा काळ, ओसाकातलं कला विद्यापीठ, आणि मंगा (जपानी कॉमिक्स) काढून नाहीतर ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) करून आपण नाव काढणारच अशी खात्री असलेला होनोओ मोयुरु. काझुहिको शिमामोतो यांचा मूळ मंगा त्यांच्या स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांवर बेतलेला आहे.

'होनोओ' म्हणजे ज्वाळा. अडलंय ते 'आओइ'पाशी. आईला 'निळी ज्वाळा' असं सांगितलं, तर ती म्हणाली, "गॅसची का?" गॅसची निळी ज्योत म्हणजे सगळं नीट जळतंय. हा मुलगा तर नेमका उलटा! कुणाला सुचतंय का?

*

'आओइ'त निळा आणि हिरवा दोन्ही येतात. सिग्नलचा हिरवा दिवा जपानीत 'आओ'च, हिरवं सफरचंदही 'आओ-रिंगो'. त्यातूनच न पिकलेला, अननुभवी हा अर्थ येतो. ज्याच्या ओठांवरचं दूध अजून वाळलं नाही, तो 'आओ-निसाइ'. मालिकेचं नाव काताकानात, म्हणजे फक्त उच्चार दाखवणाऱ्या लिपीत आहे, त्यामुळे चित्रलिपीतला कुठला 'आओ' घ्यायचा हेही मोकळं राहतं.

मराठीत मात्र 'हिरवी' म्हणू नका. 'हिरवट' म्हटलं की चावट म्हातारा डोळ्यांपुढे येतो. 'कोवळी' फार गोड होईल. 'कच्ची' जवळचं आहे, पण 'कच्चा लिंबू' म्हणजे ज्याच्यावर राज्य येत नाही तो. होनोओ स्वतःला तसं कधीच समजणार नाही. दुकानात उभ्या उभ्या मित्सुरु अदाची यांचा मंगा वाचतो आणि ठरवतो की यांना मान्यता द्यायला हरकत नाही! अजून स्वतःचं एक पान धड पुरं झालेलं नाही.

*

मी 'ओलं जळण' सुचवते.

आमच्या गावच्या घरी चुलीत ओलं लाकूड गेलं की आजीचे डोळे चुरचुरायचे. फुंकणीने कितीही फुंका, टोकाला पाणी फसफसतं, घरभर धूर होतो आणि जाळ नाही. होनोओ असाच धुमसतो. शिवाय 'जळणे'ला मराठीत दुसरा अर्थ आहे, तो जपानी नावात नाही आणि गोष्टीत मात्र जागोजागी आहे. त्याच वर्गात हिदेआकी अन्नो आहे, पुढे 'इव्हँगेलियन' ही गाजलेली ॲनिमे मालिका करणारा. वर्गात त्याने काढलेली पानं भरभर उलटली जातात, चित्र जिवंत होऊन हलायला लागतं, आणि होनोओचा चेहरा बघा. तो पेटतो आणि जळतोही. मला तो प्रसंग बघताना दरवेळी पोटात कालवतं.

*

'ओलं' पटलं, अगदी पटलं. 'जळण'बद्दल शंका आहे, कारण ते सरपण झालं, ज्वाळा नाही. आणि त्याचं नाव? 'मोयुरु' हे 'मोएरु' म्हणजे पेटणे या क्रियापदाचं जुनं रूप. आडनावातही ज्वाळा आहेच. मग 'ओला जाळ' कसं वाटतं?

*

'ओला जाळ'! आईला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारा." मी हेच नाव धरतो.