मदत हवी आहे: सातवीचे घातांक आणि इंग्रजी अनेकवचनं

मुलगा सातवीत, सेमी इंग्रजीला आहे. आम्ही भांडुपला राहतो, माझी नोकरी फोर्टला. घरी येऊन कुकर लावेपर्यंत आठ वाजतात, मग अभ्यास. मी मराठी माध्यमातली. माझ्या डोक्यात पाया आणि घातांक, त्याच्या वहीत बेस आणि इंडेक्स. तेवढं जुळवून घेतलंय.

अडलंय ते पुढे. २ चा ३ रा घात तो ६ लिहितो. २ × २ × २ मांडून दाखवलं की पटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ६. आणि ५ चा घातांक शून्य असेल तर उत्तर १ का, यावर मी "नियमच आहे" म्हणून मोकळी झाले. मलाही शाळेत असंच सांगितलं होतं, तेच आपण पोराला सांगावं याचं फार वाईट वाटलं.

इंग्रजीत नाइफचं नाइव्ह्ज शिकला, आता रूफचंही रूव्ह्ज करतो. पोटॅटोला ई-एस, मग फोटोला नुसता एस का? शीप तर बदलतच नाही. शुक्रवारी चाचणी आहे.

प्रतिसाद:
ताई, शून्याचं वरून खाली उतरत दाखवा. ५ चा ३ रा घात १२५, २ रा २५, १ ला ५. दर पायरीला ५ ने भागलं जातंय, म्हणून पुढची पायरी ५ ÷ ५, म्हणजे १. तिथे थांबू नका. आणखी एक उतरलात की १/५ येतो, तोच घातांक उणे १.

सहाची चूक जायला कागद द्या. तीनदा अर्ध्यात दुमडायचा, उलगडून भाग मोजायचे.

फोटो हे फोटोग्राफचं आखूड रूप, किलो हे किलोग्रॅमचं. अशा शब्दांना नुसता एस. पियानोही त्यातलाच. शीपसाठी आपला लाडू आहे: एक लाडू, दहा लाडू. नाइफ-रूफला मात्र युक्ती नाही. नाइफ, लाइफ, वाइफ, लीफ, वुल्फ एकीकडे, रूफ, चीफ, प्रूफ दुसरीकडे, अशी यादी फ्रिजवर लावा.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. काल रात्री कागद दुमडला. आठ भाग मोजले, चौथ्या घडीला सोळा. मग त्याने न दुमडलेला कोरा कागद समोर धरला आणि म्हणाला, "आई, शून्य घड्या. एकच भाग."