बिलिंग काउंटरचं यंत्र: 'टिकाऊ' म्हणजे नेमकं काय बघायचं?

दुकानकर:
नमस्कार मंडळी. रंग आणि नळसामानाचं दुकान आहे, काउंटर दोन. गेल्या शनिवारी ऐन गर्दीत प्रिंटरचा कटर अर्ध्यात अडकला. कागद निम्मा कापलेला आणि झाकण काही उघडेना. संध्याकाळपर्यंत हाताने बिलं लिहिली. आता सगळंच नवीन घेतोय. विक्रेता एकच यंत्र दाखवतोय: टचस्क्रीन, प्रिंटर, गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला छोटा पडदा, सगळं एकाच पोटात. दिसायला झकास आहे, पण मला ७ वर्षं चालायला हवं. पत्रकात एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ), आयपी ५४ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) असलं बरंच छापलंय. त्यातलं किती मनावर घ्यायचं?

पाना_पकड:
१२ वर्षं हीच यंत्रं उघडतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त प्रिंटर येतात. त्यानंतर सैल झालेल्या वायरी आणि सॉकेट, मग गल्ल्याचे ड्रॉवर. स्क्रीनचं यंत्र क्वचितच येतं, आणि आलं तर पंख्यात धुळीचा गोळा सापडतो. म्हणजे जे हलतं किंवा तापतं, ते आधी जातं. विक्रेता मात्र दाखवतो ती काच!

तुमच्या 'एकाच पोटात'ला माझा विरोध याचसाठी. प्रिंटर बिघडला की अख्खा काउंटर उचलून दुरुस्तीला. ८० मिमी रुंद कागदाचा सुटा प्रिंटर असला की वायर काढा, दुसरा लावा, बिल चालू.

प्रिंटरच्या पत्रकात दोन आकडे बघा. चांगल्या कटरला साधारण १५ लाख कट लिहिलेले असतात. दिवसाला ३०० बिलं धरली तरी १३ वर्षं झाली. पण प्रिंट हेडचं, म्हणजे तापून कागदावर छापणाऱ्या पट्टीचं, आयुष्य छापलेल्या कागदाच्या किलोमीटरमध्ये असतं. १०० किमी लिहिलं असेल आणि बिल २० सेंमीचं असेल, तर ५ लाख बिलं, म्हणजे साडेचार वर्षं. तुमच्या ७ वर्षांना निदान १५० किमीचं हेड लागेल, आणि तेही जेमतेम. मग कटर आधी का अडकतात? कागदाचा भुसा, आणि कटर चालू असतानाच बिल ओढायची घाई. खरखरीत स्वस्त रोल हेडही घासून खातो. दर काही रोलनंतर प्रिंटर बंद करून, हेड गार झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नखाने खरवडू नका. हेड आणि कटर सुटे मिळतात का, हे खरेदीआधी विचारा. विक्रेता इथे घुटमळला की समजा.

(जुना टाकू नका. बऱ्याच प्रिंटरना पुढच्या झाकणाखाली छोटं चाक असतं. बंद करून ते हाताने फिरवलं की पातं मागे जातं. तो राखीव ठेवा.)

आयपी ५४ मधला ५ धुळीचा आणि ४ पाण्याच्या शिंतोड्यांचा. पण ते अख्ख्या यंत्राचं आहे की फक्त समोरच्या काचेचं? मागची जाळी उघडी असेल तर धूळ तिथूनच येते. रंगाचं दुकान म्हणजे थिनरचे हात आलेच, तेव्हा वर प्लॅस्टिकची फिल्म असलेला रेझिस्टिव्ह टच नको, काचेचा कॅपॅसिटिव्ह घ्या. यंत्र बिनपंख्याचं, एसएसडीवालं (हलता भाग नसलेल्या डिस्कचं) बघा. एमटीबीएफ सोडून द्या. ५०,००० तास म्हणजे तुमचं यंत्र तितकं चालेल असं नव्हे. ती पुष्कळ यंत्रांवरून काढलेली सरासरी असते.

काउंटरवाली:
थोडी असहमत. माझा काउंटर हातभर रुंद. एकत्र यंत्र ४ वर्षं बिनतक्रार चाललंय. सुट्या यंत्रांच्या वायरींचं जंजाळ कोण सांभाळणार?

पाना_पकड:
जागाच नसेल तर घ्या बापडे, पण प्रिंटर खालून मॉड्यूलसारखा निघणारा बघा. तसे मिळतात. आणि वायरी टेबलाखाली क्लिपने बांधा. वायर लोंबकळली की सॉकेटच उखडतो.

जुना_गल्ला:
ड्रॉवरबद्दल कोणी बोललं नाही. तो प्रिंटरकडून येणाऱ्या विजेच्या झटक्याने उघडतो, बहुतेकदा २४ व्होल्टच्या. आमच्याकडे १२ व्होल्टचा ड्रॉवर जोडला आणि आतली कॉइल जळली. प्लग टेलिफोनसारखा दिसतो आणि बसतोही, पण आतल्या तारांची जुळणी कंपनीगणिक वेगळी.
स्कॅनर लेझरचा घेऊ नका, त्यात हलणारा आरसा असतो. इमेजर (कॅमेऱ्यासारखा कोडचा फोटो काढून वाचणारा) घ्या, तो मोबाइलच्या पडद्यावरचा कोडही वाचतो. वायर बदलता येणारी हवी, पहिली तीच तुटते.

दुकानकर:
वाचनखूण साठवली. आज विक्रेत्याला हेडचं विचारलं, तर म्हणाला "साहेब, हे कोणी विचारत नाही." चाकाची युक्ती चालली, जुना प्रिंटर परत कापतोय! एकत्र यंत्र रद्द, सुटंच घेतो. सुट्या स्क्रीनच्या यंत्रावर विंडोज १० आहे, चालेल ना?

पाना_पकड:
त्याच्या सर्वसाधारण आवृत्त्यांचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच थांबले. विंडोज ११ अधिकृतपणे चढतं का ते आधी लिहून घ्या. जुना साठा असाच खपवतात.