कांद्याच्या पट्ट्यांची बेरीज एक्सेलमध्ये नेमकी कशी करावी?

नाशिकरोडकर:
नमस्कार. आमची शेती निफाड तालुक्यात असून हिशोब मी नाशिकरोडला बसून सांभाळतो. लासलगाव, विंचूर आणि पिंपळगाव बसवंत येथे विकलेल्या कांद्याच्या पट्ट्यांचा (विक्रीच्या पावत्यांचा) तपशील वडील व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि मी तो उचलून एक्सेलमध्ये चिकटवतो. तारीख, बाजार, वजन, भाव, रक्कम आणि कपात असे ए ते एफ सहा रकाने आहेत. आजवर प्रत्येक रक्कम अधिक चिन्हाने जोडत गेल्यामुळे सूत्र फारच लांबले, म्हणून =सम(ई२:ई३००) लिहून पाहिले, तर बेरीज पूर्वीपेक्षा कमी आली. ती का, हे कळावे. शिवाय बाजारनिहाय बेरीज आणि हंगामाचा सरासरी भावही काढायचा आहे.

हिशोबनीस:
अधिक चिन्हाने बेरीज पूर्ण येते आणि सम वापरल्यावर कमी पडते, यावरून काही रकमा आकडे म्हणून नव्हे, तर मजकूर म्हणून साठवल्या गेल्या आहेत, असे दिसते. अधिक चिन्ह आकड्यासारख्या दिसणाऱ्या मजकुराचे आकड्यात रूपांतर करून घेते. सम मात्र दिलेल्या रकान्यातील मजकूर काहीही न सांगता वगळते. खात्रीसाठी =काउंटए(ई२:ई३००) आणि =काउंट(ई२:ई३००) ही दोन्ही उत्तरे ताडून पाहा. काउंटए भरलेल्या सर्व चौकटी मोजते, काउंट फक्त आकड्यांच्या; जेवढा फरक, तेवढ्या रकमा मजकूर आहेत. अशा रकमा सहसा डावीकडे चिकटलेल्या असतात आणि चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो. संपूर्ण रकाना निवडून डेटा टॅबमधील टेक्स्ट टू कॉलम्स उघडावे आणि थेट फिनिश दाबावे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते. वजनाच्या रकान्यात ‘१२.५० क्विं.’ असे एककासह लिहिलेले असेल, तर तेही काढून टाका. एकक रकान्याच्या शीर्षकात लिहिलेले बरे.

गंगापूररोड:
बाजारनिहाय बेरजेसाठी =समइफ(बी२:बी३००,"पिंपळगाव बसवंत",ई२:ई३००) पुरेसे आहे. बाजाराबरोबर तारखेचीही अट हवी असेल, तर समइफ्स वापरा. मात्र तिथे बेरजेचा रकाना सर्वात आधी द्यावा लागतो, आणि गल्लत नेमकी इथेच होते. विंचूर हा लासलगाव बाजार समितीचाच उपबाजार असल्याने नोंद ‘लासलगाव-विंचूर’ अशी ठेवलीत, तर "लासलगाव*" या अटीने दोन्हींची एकत्र बेरीज मिळते. नावे मात्र हाताने टंकू नका, ठरलेल्या नावांतूनच निवडू देणारी डेटा व्हॅलिडेशनची यादी लावा. एखाद्या नावात मध्येच जास्तीची मोकळी जागा राहिली, तरी ती पट्टी बेरजेतून सुटते.

सिडकोवासी:
एवढे करण्यापेक्षा पिव्होट टेबल का लावत नाही? बाजार आणि महिना दोन्ही एकाच तक्त्यात दिसतील.

गंगापूररोड:
हंगाम संपल्यावर ते उत्तम आहे. मात्र नवी पट्टी चढवल्यावर दर वेळी रिफ्रेश करावे लागते, आणि रोजच्या वापरात त्याचा विसर पडतो. फिल्टर लावून चटकन बेरीज पाहायची असेल, तर =सबटोटल(९,ई२:ई३००) लिहावे (९ म्हणजे बेरीज); फिल्टरने झाकलेल्या ओळी त्यात धरल्या जात नाहीत.

हिशोबनीस:
सरासरी भावाचे राहिलेच. डी रकान्यातील भावांना ॲव्हरेज लावू नका. १० क्विंटल १,५०० रुपयांनी आणि ३० क्विंटल १,१०० रुपयांनी गेला, तर ॲव्हरेज १,३०० दाखवेल. प्रत्यक्षात ४० क्विंटलचे ४८,००० रुपये आले, म्हणजे भाव १,२०० पडला. त्यासाठी =समप्रॉडक्ट(सी२:सी३००,डी२:डी३००)/सम(सी२:सी३००) हे सूत्र आहे. कपात वजा जाता हाती आलेला भाव पाहायचा असेल, तर भागण्यापूर्वी समप्रॉडक्टच्या उत्तरातून सम(एफ२:एफ३००) वजा करावे. वडिलांना तोच आकडा जास्त उपयोगी पडेल, असे मला वाटते.

नाशिकरोडकर:
मनःपूर्वक आभार. काउंट आणि काउंटए यांत १४ चा फरक निघाला, आणि टेक्स्ट टू कॉलम्सनंतर दोन्ही बेरजा जुळल्या. एकच शंका उरली: ३०० व्या ओळीच्या पुढे पट्ट्या गेल्या, तर प्रत्येक सूत्र बदलावे लागेल का?

हिशोबनीस:
नोंदींमध्ये कुठेही क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा, म्हणजे त्यांचे टेबल होईल. त्यानंतर सूत्रे एकदाच नव्याने लिहा आणि रकाना माउसने निवडा, म्हणजे ओळींच्या क्रमांकाऐवजी रकान्याचे नाव येईल आणि खाली चिकटवलेली प्रत्येक नवी पट्टी आपोआप धरली जाईल. बेरजा मात्र टेबलाच्या खाली न ठेवता वेगळ्या शीटवर ठेवा.