मदत हवी आहे : स्वीडिश ‘लेक’चं कुळ – खेळ, नाच, माशांची वीण आणि चक्क प्रेम?

नमस्कार मंडळी,

भाषेच्या जाणकारांची मदत हवी आहे. मी उप्सालात राहते, स्वीडिश शिकते आहे. इथे खेळण्याला दोन क्रियापदं आहेत. मुलं मातीत लोळतात, भातुकली मांडतात ते ‘लेका’; फुटबॉल, पत्ते, लॉटरी, पियानो हे सगळं ‘स्पेला’. नियम असले की स्पेला, असं वर्गात सांगतात, पण लपाछपी नियम असूनही लेकच. (नाम ‘लेक’. माझी लेक दिवसभर लेकमध्येच असते, त्यामुळे पाठांतराची गरज पडली नाही.) एवढं सवयीने जमतं. अडलंय ते पुढे.

मासेमारीच्या नियमांत ‘लेक’ म्हणजे माशांचा अंडी घालण्याचा काळ. प्रेमाला म्हणतात ‘शेरलेक’. त्यातला शेर म्हणजे प्रिय. आणि कपड्याचं माप म्हणजे ‘स्तूरलेक’, स्तूर म्हणजे मोठा. आता शर्टाच्या मापात कसला आलाय खेळ?

कोश उघडले तर गुंता वाढला. इथल्या कारोलिना रेदिविवा ग्रंथालयात जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली सहाव्या शतकातली पोथी आहे, बिशप वुल्फिलाच्या गॉथिक बायबलची (गॉथिक म्हणजे स्वीडिश-जर्मनची आता लुप्त झालेली नातलग भाषा). मूळ भाषांतर चौथ्या शतकातलं. लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ शेतावरून परततो, तेव्हा त्याच्या कानावर गाणं आणि ‘लाइक्स’ पडतं, म्हणजे नाच. पहिल्या अध्यायात अलीशिबेच्या पोटातलं बाळ उडी मारतं, तिथे क्रियापद आहे ‘लेलाइक’. चकार, बभूव घोकलेल्यांना हे द्वित्व (धातूचं पहिलं अक्षर दोनदा येणं) लगेच ओळखीचं वाटेल! जुन्या इंग्रजीत हाच शब्द ‘लाक’. अर्थ खेळ, लढाई, शिवाय देवाला दिलेला बळी आणि भेटवस्तू. आइसलँडमध्ये नाट्यगृह ‘लेइकहूस’. यॉर्कशरच्या बोलीत ‘लेक’ करणं म्हणजे खेळणं, आणि गिरणीला काम नसलं की घरी बसणं तेही लेकच.

मूळ अर्थ उडी किंवा हालचाल धरला तर नाच, वीण, लढाई ओळीत बसतात. बळी आणि भेट कुठून आले? मापातला ‘लेक’ हाच का? आणि एका कोशाने ऋग्वेदातलं ‘रेजते’ (थरथरतो) याच धातूला जोडलंय. ते ग्राह्य आहे का, की ‘लीला’ जास्त जवळची?

प्रतिसाद

भाषेतलं कळत नाही, पक्ष्यांतलं थोडं कळतं. बरेच नर ठरलेल्या माळावर जमून माद्यांसमोर नाचतात, त्या जागेला आणि प्रकाराला पक्षीनिरीक्षक जगभर ‘लेक’च म्हणतात. इंग्रजीने हा शब्द एकोणिसाव्या शतकात स्वीडिशमधून उचलल्याचं मानतात. आपला माळढोक त्यातलाच, फक्त नर एकमेकांपासून बरेच लांब उभे असतात. तणमोराचा नर तर पावसाळ्यात गवताच्या वर उंच उड्या मारतो, खाली येतो, परत उडी. तुमचा ‘उडी’ हा मूळ अर्थ डोळ्यांनी बघायचा असेल तर तो बघा.

प्रतिसाद

‘रेजते’ बिनदिक्कत घ्या. मूळ ‘ग’चा जर्मानिक भाषांत (स्वीडिश, इंग्रजी, जर्मन वगैरे) ‘क’ होतो; आपलं युग आणि इंग्रजी योक हे त्याचंच उदाहरण. संस्कृतात तोच ‘ग’ पुढच्या स्वरामुळे ‘ज’ झाला, आणि ‘ल’चा ‘र’ होणं वेदात नेहमीचं. लिथुएनियनमधलं ‘लाइगिती’, म्हणजे बागडणं, हेही त्याच घरातलं. ‘लीला’ मात्र सोडा. तिच्यात ग-ज काहीच नाही, नुसत्या नादसाम्यावर सोयरीक जुळत नाही.

मापाचं कोडं सोपं आहे. तिथला ‘लेक’ प्रत्यय झालाय, आपल्या ‘-पणा’सारखा. स्तूरलेक म्हणजे मोठेपणा, शेरलेक म्हणजे प्रियपणा. बहुतेक अभ्यासक हा प्रत्यय त्याच शब्दाचा झिजलेला अवतार मानतात. इंग्रजीत तो ‘वेडलॉक’मध्ये उरला: ‘वेड’ म्हणजे वचन, पुढे ‘लाक’. (आपल्या वेडाशी संबंध नाही, विवाहितांनी गैरसमज करून घेऊ नये.)

बळीबद्दल कयासच आहे. विधीतला नाच, मिरवणूक, मग तो अख्खा विधी, मग त्यात वाहिलेली वस्तू, मग कुठलीही भेट, अशी साखळी मांडतात. मला ती पटते. कोकणात शिमग्याला पालखी ‘खेळवतात’, नमन सादर करणारे ‘खेळे’, अंगात वारं ‘खेळतं’. पूजा कुठे संपली आणि खेळ कुठे सुरू झाला, सांगा बघू. हालचालीचा अर्थ तर ‘खेळत्या भांडवला’तसुद्धा आहे.

धागाकर्ती

अनेक आभार, ‘-पणा’ने डोकं मोकळं झालं. मग जर्मनमध्ये हा शब्द का दिसत नाही? तिथे सगळीकडे ‘श्पील’.

प्रतिसाद

होता. मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘लाइख’ नावाचा लांबलचक गेय काव्यप्रकार होता, वाल्टर फॉन देअर फोगेलवाइड या कवीने असं एक रचलंय. पुढे श्पीलने सगळी जागा व्यापली. तुमचं ‘स्पेला’सुद्धा तिकडचंच: हान्सा या मध्ययुगीन जर्मन व्यापारी संघाच्या काळात उत्तर जर्मनीतल्या बोलीतून स्वीडिशमध्ये आलं. वाद्यं, पत्ते, जुगार पाहुण्याकडे गेले, पोरांची भातुकली घरच्या शब्दाकडे राहिली. डॅनिशमध्येही अशीच वाटणी. १९३४ साली बिलुंडच्या खेळणीवाल्याने ‘लेग गॉट’ म्हणजे ‘छान खेळ’ यावरून लेगो नाव ठेवलं, ते या घरच्या शब्दातून.

शोधताना एक सांभाळा. आजच्या जर्मनमध्ये ‘लाइखे’ आणि स्वीडिशमध्ये ‘लीक’ म्हणजे प्रेत. ते वेगळं कुळ, मूळ अर्थ शरीर. कोशात शेजारीच सापडतं.